पालि व्याकरण आणि आपली मायबोली

वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तिच्यात तथागतांच्या जीवनावर लेख असतो, परमपूज्य बाबासाहेबांवर असतो, विहाराच्या बांधकामाची हकीकत असते आणि शेवटी देणगीदारांची यादी असते. अशा अंकात व्याकरणावर लेख पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. शाळेत ज्यांना व्याकरणाच्या तासाला बाकावर उभे राहावे लागले, त्यांना तर ही पुन्हा शिक्षाच वाटेल. तरीही आम्ही हा विषय घेतला आहे. कारण साधे आहे. आपण रोज सकाळ-संध्याकाळ पालि भाषेत वंदना म्हणतो. लग्नात म्हणतो, नामकरणाला म्हणतो, माणूस गेला तरी म्हणतो. आपल्या वस्तीतील पाच वर्षांच्या मुलालाही ती तोंडपाठ आहे. पण 'गच्छामि' यातला 'मि' काय आहे, असे कोणी विचारले तर मोठी माणसेसुद्धा एकमेकांकडे बघतात.

व्याकरण या शब्दाला आपण उगाच घाबरतो. बुद्धवचनाची जी नऊ अंगे सांगितली आहेत, त्यात सुत्त आणि गेय्य यांच्यानंतर तिसरे अंग 'वेय्याकरण' हेच आहे. तिथे त्याचा अर्थ उलगडून सांगणे, स्पष्ट करणे असा आहे. पालीत 'ब्याकरोति' म्हणजे उत्तर देतो, खुलासा करतो. ही भीती आली कुठून, ते समजायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजली नावाचा मोठा वैयाकरण होऊन गेला. त्याच्या आधी पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधून ठेवली होती. ते काम खरोखरच अजोड आहे, जगातले भाषापंडित आजही त्याला मानतात. पतंजलीने त्यावर 'महाभाष्य' लिहिले. त्याच्या अगदी आरंभी तो सांगतो की शुद्ध शब्द एकच असतो आणि त्याचे अपभ्रंश मात्र अनेक असतात. उदाहरण देतो गायीचे. 'गौः' हा शुद्ध शब्द, आणि गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे सगळे अपभ्रंश. अपभ्रंश म्हणजे घसरून खाली पडलेला शब्द.

आता गंमत बघा. पालि भाषेत गायीला 'गावी' असेच म्हणतात आणि बैलाला 'गोण'. 'गावी' मधला व झिजून 'गाई' झाले आणि तीच आपली 'गाय'. गोठ्यात दूध काढायला बसलेला कोणताही माणूस, कोणत्याही जातीचा असो, 'गौः' म्हणत नाही, गायच म्हणतो. पडलेला म्हणून ज्याची नोंद झाली तोच शब्द दोन हजार वर्षांनंतर घराघरांत आहे. पतंजलीचे एक मात्र मान्य केले पाहिजे. त्याने हे शब्द लिहून ठेवले म्हणून तर आपल्याला कळते की त्या काळीही लोक गायीला 'गावी' म्हणत होते.

पुढे संस्कृत नाटकांत हीच वाटणी पक्की झाली. राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलणार. नोकरचाकर आणि स्त्रिया, अगदी पट्टराणीसुद्धा, प्राकृत बोलणार. माणसाची पायरी त्याच्या विभक्तिप्रत्ययांवरून ओळखायची अशी ती व्यवस्था. आपल्या आयाबायांची बोली ऐकून आजही जो हसतो, त्याला हे ठाऊक नसले तरी तो त्याच जुन्या व्यवस्थेचे हसू हसत असतो.

या व्यवस्थेच्या पार उलट एक गोष्ट विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. यमेळु आणि तेकुल नावाचे दोन भिक्खू होते. सख्खे भाऊ, जन्माने ब्राह्मण, गोड आणि स्वच्छ वाणीचे. ते तथागतांकडे तक्रार घेऊन गेले. म्हणाले, भन्ते, आजकाल नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे आणि नाना कुळांचे लोक संघात आले आहेत. ते आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवून टाकतात. तेव्हा आम्ही ते छंदात बसवून देतो. छंद म्हणजे वेदांच्या धाटणीची, पंडितांची भाषा, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. तथागतांनी त्यांना चांगलेच फटकारले. असे करील त्याला 'दुक्कट' हा दोष लागेल, असा नियम केला आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' शिकावे अशी मोकळीक दिली.

या दोन शब्दांवरून पंडितांत केवढा वाद झाला आहे! 'निरुत्ति' म्हणजे बोली, भाषा. 'सक' म्हणजे स्वतःचा, आपला. पण आपला म्हणजे कुणाचा? पाचव्या शतकातले थोर अट्ठकथाकार बुद्धघोष म्हणतात, बुद्धांच्या स्वतःच्या, म्हणजे मागधी भाषेत. पुढे इंग्रज पंडित ऱ्हिस डेव्हिड्स आणि जर्मन पंडित ओल्डेनबर्ग यांनी भाषांतर केले ते, ज्याने त्याने ज्याच्या त्याच्या बोलीत, असे. तर पालि भाषेचे मोठे व्याकरण १९१६ साली लिहिणारे गायगर हे बुद्धघोषांच्या बाजूने उभे राहिले.

मराठी माणसाला हा वाद चटकन कळावा. घरातला वडीलधारा माणूस पोराला म्हणतो, "आपल्या भाषेत बोल." म्हणजे तुझ्या भाषेत, का माझ्या, का आपल्या सगळ्यांच्या? 'आपल्या' हा शब्दच असा आहे की तो तिन्हीकडे लागतो. पालीतल्या 'सक'ची गतही तीच. म्हणून नुसत्या शब्दावरून निकाल लागत नाही, मागचापुढचा संदर्भ बघावा लागतो. आणि संदर्भ असा आहे की तक्रार नाना जातींच्या बोलींबद्दल होती आणि फटकार बसली ती तक्रार करणाऱ्यांना. आम्हाला तरी ऱ्हिस डेव्हिड्स यांचा अर्थ अधिक पटतो. बुद्धघोषांचा मान ठेवूनच हे लिहीत आहोत.

सम्राट अशोकाने तर हे करूनच दाखवले. त्याचा एकच आदेश देशाच्या निरनिराळ्या टोकांना निरनिराळ्या बोलीत कोरलेला आहे. पूर्वेकडे ओडिशातल्या धौलीच्या खडकावर राजाला 'लाजा' म्हटले आहे, कारण पूर्वेच्या बोलीत र चा ल होई. पश्चिमेकडे गिरनारला तोच शब्द 'राजा' आहे. सम्राटाच्या राजधानीत 'लाजा' चालत असताना त्याने गिरनारच्या लोकांवर तो लादला नाही. आपल्या मुंबईजवळच्या नालासोपाऱ्यालाही त्याच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. आणि आपली पालि? तिच्यात 'राजा' आहे, 'लाजा' नाही. परंपरा पालीला मागधी म्हणते, पण तिचे रूप पुष्कळसे पश्चिमेच्या बोलींना जवळचे आहे, हे अशा एकेका अक्षरावरूनच अभ्यासकांच्या ध्यानात आले. 'पालि' हे मुळात भाषेचे नावही नव्हे, त्याचा अर्थ मूळ पाठ, ग्रंथाची ओळ असा होता.

नालासोपाऱ्याहून आता लेण्यांकडे येऊ. कार्ले, कान्हेरी, जुन्नर, नाशिक इथले शिलालेख बौद्ध उपासकांनी आपल्या दानाची नोंद म्हणून कोरून घेतले. त्यांची भाषा पालि नव्हे, तिची सख्खी बहीण असलेली प्राकृत आहे. कार्ल्याच्या चैत्याला तिथल्या लेखात 'सेलघर' म्हटले आहे. सेल म्हणजे शैल, दगड. पुढचे 'घर' आपले रोजचे. वैजयंती नगरीचा सेठी भूतपाल याने ते पुरे करवले. धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तर-सुगंधी विकणाऱ्याने, दरवाजाचे दान दिले. एका लेखात 'वढकी' म्हणजे सुतार येतो. विदर्भात अजून सुताराला वाढई म्हणतात, तो हाच शब्द. कान्हेरीला पाण्याच्या टाक्यांवर 'पाणियपोढी' असे कोरले आहे. 'पाणिय' म्हणजे आपले पाणी. आणि ज्याला आपण 'लेणे' म्हणतो तो शब्द या लेखांत 'लेण' असा जागोजाग आहे. पालीत 'लेण' म्हणजे गुंफा आणि आसरासुद्धा. वंदनेत आपण ज्या 'सरण'चा उच्चार करतो त्याच्या शेजारचाच हा अर्थ.

या लेखांत दान देणाऱ्याच्या नावाला शेवटी 'स' जोडलेला असतो. गहपतिस म्हणजे गृहपतीचे, सेठिस म्हणजे शेटचे. ही षष्ठी विभक्ती. त्या काळी जोडाक्षरातले दुहेरी अक्षर कोरत नसत, धम्म असेल तर नुसते 'धम' कोरत. म्हणजे बोलताना हा 'स' 'स्स' असाच होता. 'नमो तस्स' मधला जो स्स, तोच हा. हा 'स' वाचकांनी जरा लक्षात ठेवावा, पुढे त्याने मोठे काम केले आहे.

आपल्या देशात बौद्ध धम्म मावळला तसा पालीचा अभ्यासही मावळला. तो जपला बाहेरच्यांनी. पालि भाषेचे सर्वांत जुने हाती असलेले व्याकरण कच्चायनाचे. परंपरेने ते तथागतांच्या शिष्याच्या, महाकच्चायनाच्या नावावर घातले आहे, परंतु ते बुद्धघोषांच्याही नंतरचे असावे असे अभ्यासक मानतात. त्यात सुमारे पावणेसातशे सूत्रे आहेत. संधी, नाम, कारक, समास, तद्धित, आख्यात असे त्याचे भाग आहेत. आपल्या मुलांच्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका काढून बघा, बरीचशी हीच नावे दिसतील.

कच्चायनाने अक्षरे ४१ मोजली. पुढे बाराव्या शतकात सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, मोग्गल्लान स्थविरांनी नवे व्याकरण रचले तेव्हा त्यांनी ४३ मोजली, कारण त्यांनी ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे धरले. या ४१ मध्ये 'ळ' आहे. अभिजात संस्कृतात ळ नाही, शाळेतल्या हिंदीत नाही, पण पालीत आहे आणि आपल्या मराठीत तर पदोपदी आहे. हिंदी मुलखातून आलेल्या भन्तेंना 'कमळ' म्हणताना जी अडचण पडते ती आपल्या पोरांना पालि शिकताना पडत नाही.

ब्रह्मदेशात पगान इथे ११५४ साली अग्गवंस नावाच्या आचार्यांनी 'सद्दनीति' हा प्रचंड ग्रंथ पुरा केला. पदमाला, धातुमाला आणि सुत्तमाला असे त्याचे तीन भाग. त्याची कीर्ती ऐकून सिंहली भिक्खूंनी, आमच्याकडेही या तोडीचे काही नाही, अशी कबुली दिल्याचे परंपरा सांगते. त्याच पगानमध्ये पुढे क्यस्वा नावाच्या राजाने व्याकरणावर एक पुस्तक लिहिले, आणि विभक्तींच्या अर्थावरचे 'विभत्यत्थ' हे त्याच्या मुलीच्या नावावर आहे. म्हणजे नाटकातली राणी आपल्याकडे रंगमंचावर संस्कृत बोलायला मुखत्यार नव्हती, आणि तिकडे राजकन्या विभक्तींवर ग्रंथ लिहीत होती. धम्म जिथे गेला तिथे व्याकरणाचे दार बायकांनाही थोडे उघडले, एवढे तरी यावरून दिसते.

इकडे मात्र आपल्याच लेण्यांवरची आपलीच अक्षरे कोणाला वाचता येईनात. ती वाचता आली १८३७ साली, आणि कशी वाचता आली ते ऐकण्यासारखे आहे. जेम्स प्रिन्सेप हे कलकत्त्याच्या टांकसाळीतले अधिकारी. त्यांच्यापुढे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे आले. जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि एक टिंब. प्रिन्सेपनी तर्क केला की स्तूपाला लोक दान देत असणार, तेव्हा हा शब्द 'दानं' असावा. त्या शब्दाच्या अलीकडे बहुतेक वेळा एकच अक्षर येत होते. ते त्यांनी षष्ठीचा 'स' म्हणून ओळखले. अमक्याचे दान, तमक्याचे दान. द, न आणि स एवढी तीन अक्षरे हाती लागली आणि त्यांवरून बाकीची ब्राह्मी लिपी उलगडली. अशोक कोण, त्याने काय लिहिले, हे जगाला कळले ते त्या एका विभक्तीच्या प्रत्ययामुळे. उपासकांनी आपल्या दानावर साधे नाव घातले होते, त्यांच्या ध्यानीमनीही नसेल की दोन हजार वर्षांनी हेच कुलूप उघडेल.

त्या सुमारास युरोपात पालीचा अभ्यास सुरू झालाच होता. १८२६ साली पॅरिसमध्ये ब्युर्नुफ आणि लासेन यांनी पालि भाषेवरचे पुस्तक काढले. १८५५ साली डेन्मार्कच्या फाउसबोल यांनी 'धम्मपद' छापले, सोबत लॅटिन भाषांतर. तिकडचे विद्यार्थी लहानपणापासून लॅटिन आणि ग्रीक यांची व्याकरणे घोकत, आणि जुन्या भाषेतून नव्या भाषा कशा निपजल्या ते लावून बघत. तीच नजर त्यांनी पालीला लावली. आपल्याकडे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत जी विल्सन व्याख्याने दिली, त्यात संस्कृतपासून पालि, प्राकृत आणि पुढे मराठी-गुजराती असा प्रवास त्यांनी मांडला. पालीला तिथे मानाचे एक वेगळे व्याख्यान होते.

गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांची हकीकत तर सर्वांना ठाऊक असावी. १८७६ चा जन्म. बुद्धांविषयी वाचले आणि वेड लागले. घर सोडून पुण्याला आणि मग काशीला जाऊन संस्कृत शिकले, अन्नछत्रात जेवले, आणि १९०२ साली सिंहलद्वीपात जाऊन विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पालि शिकले. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवली. त्यांनी सोसले पुष्कळ, यात शंका नाही. पण काशीच्या त्या अन्नछत्राच्या पंगतीत त्या काळी आपल्या माणसाला कोणी बसू दिले असते का? हा धर्मानंदांचा दोष नव्हे. त्यांच्या मार्गाने जायला आपल्याला वाट नव्हती एवढेच आम्हाला म्हणायचे आहे. जाता जाता आणखी एक. चिमणरावाच्या गोष्टी लिहून ज्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला हसवले ते चिं. वि. जोशी बडोद्याला पालि शिकवीत. त्यांनी पालि शिकणाऱ्यांसाठी पुस्तकही लिहिले. हे फार थोड्यांना माहीत आहे.

वाट बंद होती ती कुणाला, ते बाबासाहेबांच्या शाळेतच दिसते. त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारशी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. एवढे झाल्यावर दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे ती व्याकरणे. बाबासाहेबांनी उलट केले. त्यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद. हे त्या राजाचे नाव, ज्याचे नागसेन भन्तेंशी झालेले प्रश्नोत्तर पालि ग्रंथात आहे. आणि रात्री जागून स्वतः पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार करायला घेतले. राज्यघटना, मंत्रिपद, आजारपण यांतून वेळ काढून ते हे करीत होते. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा सोळावा खंड म्हणून ते प्रसिद्ध केले. त्यात पालि शब्दांचे अर्थ इंग्रजीत आहेत. आणखी एका भागात मराठी, गुजराती आणि हिंदी हे अर्थही शेजारी दिले आहेत. पालि व्याकरण आहे, बौद्ध पूजापाठही आहे. कोश एकाच भाषेत करून भागले असते. मुंबईच्या गिरणीतल्या माणसाला, गुजरातेतल्या आणि उत्तरेतल्या माणसाला ज्याच्या त्याच्या बोलीत अर्थ कळावा म्हणून हा खटाटोप होता, असे आम्ही समजतो. 'सकाय निरुत्तिया' या शब्दांचा अर्थ बाबासाहेबांनी कसा घेतला असेल ते यावरून ओळखावे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झाले तेही असेच. त्रिशरण आणि पंचशील महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून पालीत घेतले आणि मग बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. एकाच मांडवात जुनी भाषा आणि चालू भाषा.

या दोन भाषांचे नाते किती जवळचे आहे ते बघायला पदवी लागत नाही. सत्त, अट्ठ, हत्थ, कण्ण, कम्म, भत्त, अज्ज, सप्प हे पालि शब्द. आता जोडाक्षर मोडून एक अक्षर ठेवा आणि त्याच्या आधीचा स्वर लांबवा. सात, आठ, हात, कान, काम, भात, आज, साप. एवढ्या एका नियमाने शेकडो शब्द पालि-प्राकृतातून मराठीत येतात. आपल्या रविवारच्या वर्गात मुले हा खेळ खेळतात तेव्हा मजा येते. एक मुलगी मात्र अडून बसली की 'हत्थी'चा 'हाती' का नाही झाला, 'हत्ती' का? तिचे म्हणणे बरोबर आहे. हत्ती नियमाला जुमानत नाही.

दुसरा नियम आमच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. जोडाक्षर उच्चारायला जड गेले की पालि मधे एक स्वर घालून ते सैल करते. रत्नचे रतन, सूर्यचे सुरिय, आर्यचे अरिय, स्नेहचे सिनेह. आता आपल्या आज्या कशा बोलत ते आठवा. चंद्रला चंदर, धर्मला धरम, जन्मला जलम, प्रसादला परसाद. घरोघरी एखादी रतनबाई होतीच. या बोलण्याला शाळेत गावंढळ म्हणून हसत, आणि 'न'-'ण' चुकला की छडी बसे. पण आज्या तेच करीत होत्या जे पालीत 'तिरतन' म्हणताना झाले आहे. व्याकरणात याला स्वरभक्ती असे नाव आहे, आणि ती खुद्द तिपिटकात आहे. याचा अर्थ पोरांनी परीक्षेच्या पेपरात 'जलम' लिहावे असा नाही. तिथे प्रमाण भाषाच लिहावी, मार्कांचा प्रश्न असतो. पण घरी आजीची चूक काढायचे कारण नाही.

आता त्या 'स'कडे परत येऊ. शाळेत आपण पाठ केले आहे, द्वितीया: स, ला, ते, स, ला, ना, ते. आणि चतुर्थी? पुन्हा तेच. चलाख पोरे विचारतात, गुरुजी, प्रत्यय तेच तर विभक्त्या दोन कशाला? याचे उत्तर असे की १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा समोर नमुना संस्कृतचा होता. तिथे आठ खाने, म्हणून इथेही आठ खाने. पालीचेही असेच झाले होते. कच्चायनाने पठमा, दुतिया, ततिया असे खाने जुन्याच धर्तीवर पाडले, पण बोलणाऱ्यांनी चतुर्थी आणि षष्ठी कधीच एकत्र करून टाकल्या होत्या. 'तस्स' म्हणजे त्याचेही आणि त्यालाही. म्हणून 'नमो तस्स' याचे मराठी 'त्यास नमस्कार' असे करतात. 'त्यास', 'घरास', जुन्या पोस्टकार्डावरचे 'चिरंजीव अमुक यास आशीर्वाद' यातला स त्या स्स चाच वंशज आहे असे अनेक अभ्यासक मानतात. मधल्या वळणांवर त्यांचा वाद आहे, तो त्यांनी घालावा.

वंदनेकडे येतो, कारण खरी गरज तिथेच आहे. 'गच्छामि', 'वन्दामि', 'समादियामि' यातला 'मि' म्हणजे मी. आम्ही म्हणायचे असते तर 'गच्छाम' झाले असते. विहारात पाचशे माणसे एका सुरात म्हणोत, क्रियापद एकवचनीच राहते. हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहीत आहोत, पण वंदनेत तशी सोय नाही. तिथे कोणी कोणाच्या वतीने शरण जाऊ शकत नाही.

पंचशीलाचे तर आपण मोठेच घोटाळे केले आहेत. मुलांना सांगतो, पंचशील म्हणजे पाच आज्ञा: हिंसा करू नये, चोरी करू नये, खोटे बोलू नये. पालीत बघा, आज्ञार्थ कुठेच नाही. 'वेरमणी' म्हणजे विरती, दूर राहणे. 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याची पायरी. आणि 'समादियामि' म्हणजे मी अंगीकारतो. हुकूम करणारा कोणी तिथे नाहीच. बोलणारा स्वतःच स्वतःवर घेतो आहे. 'अदिन्नादाना' याचेही 'चोरीपासून' एवढेच भाषांतर तोकडे पडते. अ-दिन्न म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे, आणि शेवटचा आ हा पंचमीचा, म्हणजे 'पासून'. न दिलेले घेण्यापासून. शेजाऱ्याच्या नळाचे पाणी न विचारता भरले तर त्याला कोणी चोरी म्हणत नाही, पण ते अदिन्नादान आहे.

राहिली शेवटची गोष्ट, ती वर्गात एका उपासिकेने काढली. तिने विचारले, पुस्तिकेत मराठी अर्थ 'मी शरण जातो' असा छापला आहे, मग आम्ही बायकांनी काय म्हणायचे? प्रश्न बिनतोड होता. पालीतल्या 'गच्छामि'ला लिंग नाही. पुरुष, स्त्री, लहान मूल, सगळ्यांना तेच रूप. मराठीने मात्र वर्तमानकाळ 'गच्छन्तो', 'गच्छन्ती' अशा विशेषणासारख्या रूपांच्या धर्तीवर उभा केला, म्हणून आपल्याकडे जातो आणि जाते असे दोन झाले. जुनी बिनलिंगाची रूपे मराठीत अगदीच गेली नाहीत. 'मी रोज पहाटे नदीवर जाई' यातल्या 'जाई'ला लिंग नाही, बाप्याने म्हटले काय नि बाईने म्हटले काय. पण त्याचा अर्थ आता भूतकाळाचा झाला, त्यामुळे तो वंदनेला चालत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पालि आणि प्राकृत या तिन्ही भाषांना, आसामी आणि बंगालीबरोबर, एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद वाटला. त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत पुस्तिकेचा विषय निघाला. आता नव्या छपाईत प्रत्येक पालि शब्दाखाली त्याचा सुटा मराठी अर्थ येणार आहे, पंचशीलाच्या अर्थातून 'करू नये' काढले आहे, आणि जिथे जिथे 'जातो', 'घेतो', 'करतो' आहे तिथे शेजारी 'जाते', 'घेते', 'करते' छापायला दिले आहे. दोन ओळी वाढल्याने पुस्तिकेची चार पाने वाढली, तेवढा खर्च महिला मंडळाने उचलला आहे.